साखरेचं खाणार त्याला यीस्ट देणार

घरी बिअर बनवणाऱ्या माणसांचं पुष्कळ गोष्टींवर एकमत होतं. पाणी चांगलं हवं, भांडी स्वच्छ हवीत, बिअरला कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं जुनी नकोत, आणि बायकोने त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये. भांडण लागतं ते अगदी शेवटी. बिअर आंबून तयार असते, बाटल्या धुऊन उपड्या घातलेल्या असतात, आणि आता त्यात थोडीशी साखर घालायची एवढंच उरलेलं असतं. ही साखर कोणती, या प्रश्नावर एरवी शांत, वेळेवर कर भरणारे, मुलांच्या सॉकरच्या मॅचला पाच मिनिटं आधी पोचणारे गृहस्थ एकमेकांची अक्कल काढू लागतात.

आम्ही ओरेगनमध्ये राहतो, पोर्टलंडच्या पश्चिमेला. हॉप्सची शेतं इथून फार लांब नाहीत आणि पाऊस आठ-आठ महिने थांबत नाही. अशा ठिकाणी पुरुषांनी गॅरेजमध्ये बिअर बनवायची नाही तर करायचं काय? माझा नवरा त्यांपैकीच एक. लग्नानंतर कित्येक वर्षं त्याला चहाची साखर कोणत्या डब्यात असते हे ठाऊक नव्हतं. आता घरात साखरेचे इतके डबे, पिशव्या आणि बरण्या आहेत की मलाच चहासाठी त्याला विचारावं लागतं. त्यातल्या एका बरणीवर त्याने ‘हात लावू नये’ असं मराठीत लिहून ठेवलंय. त्याच्या बिअर क्लबातल्या इतरांना ते वाचता येत नाही, म्हणजे सूचना कोणासाठी आहे हे उघड आहे.

मुळात साखर लागतेच का, हे आधी सांगायला हवं. मोड आणून वाळवलेल्या जवाचं, म्हणजे मॉल्टचं, सत्त्व गरम पाण्यात उतरवायचं, त्यात हॉप्स घालून उकळायचं आणि गार करायचं. त्यात यीस्ट सोडलं की ते त्यातली साखर खातं आणि दोन गोष्टी तयार करतं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. अल्कोहोल भांड्यातच राहतं. वायू मात्र झाकणात बसवलेल्या नळीवाटे बुडबुड करत निघून जातो. आठ-पंधरा दिवस आमच्या जिन्याखाली हा आवाज चालू असतो आणि रात्री मुक्कामाला आलेले पाहुणे नळ बंद करायला उठतात. खाणं संपलं की यीस्ट तळाशी जाऊन बसतं. वर उरते ती बिअर चवीला बिअरच असते, पण तिला फेस नसतो, ती जिभेला टोचत नाही आणि प्यायल्यावर ढेकर येत नाही.

मग युक्ती अशी, की पेंगुळलेल्या यीस्टला पुन्हा जराशी साखर द्यायची आणि लगेच बाटलीला झाकण ठोकायचं. यीस्ट उठतं, खातं, वायू सोडतं. पण आता वायूला बाहेर पडायला वाट नसते. तो निमूटपणे बिअरमध्ये विरघळतो. दोन आठवडे बाटल्या खोलीतल्या उबेला ठेवायच्या, मग फ्रिजमध्ये. आपल्या गोटी सोड्यात हाच वायू यंत्राने भरतात, इथे तो बाटलीतच जागच्या जागी तयार होतो. या साखरेने बिअर गोड होत नाही, कारण ती पिणाऱ्याच्या वाट्याला येतच नाही, यीस्ट तिचा कणही शिल्लक ठेवत नाही. आणि अल्कोहोल वाढतं ते जेमतेम ०.४ टक्का. एवढं नीट समजून घेतलं असतं तर पुढचा सगळा वाद टळला असता, आणि महिन्यातून एकदा आमच्याकडे भरणाऱ्या क्लबाला बटाटेवडे खाण्यापलीकडे काही काम उरलं नसतं.

या क्लबात अधिकृत आणि शास्त्रोक्त मानलेली साखर म्हणजे मक्याची. हे डेक्स्ट्रोज, म्हणजेच ग्लुकोज. आपल्याकडे उन्हात खेळून आलेल्या पोरांना पाण्यात कालवून देतात त्याच जातीची पावडर. बिअरच्या सामानाच्या दुकानात ती पारदर्शक पिशवीत मिळते, पिशवीवर ‘प्रायमिंग शुगर’ असं छापलेलं असतं आणि त्या दोन शब्दांचे वेगळे पैसे पडतात. हिचा दबदबा वाढवला चार्ली पपाझियन यांनी. हा माणूस शिकला अणुअभियांत्रिकी, नोकरी केली शाळामास्तराची आणि नाव काढलं बिअरमध्ये. कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी १९७८ साली त्यांनी अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन काढली आणि १९८४ साली ‘द कम्प्लीट जॉय ऑफ होमब्रूइंग’ हे पुस्तक लिहिलं. मराठी घरात ‘रुचिरा’ची जी जागा, ती इथल्या गॅरेजमध्ये या पुस्तकाची. पानं सुटलेली, डाग पडलेली, आणि वादात शेवटचा शब्द त्याचा. त्यातलं प्रसिद्ध माप असं की पाच गॅलन बिअरला पाऊण कप मक्याची साखर. पाच गॅलन म्हणजे १९ लिटर. अणुभट्टीचं शास्त्र शिकलेल्या माणसाने माप दिलं ते कपाचं, हे मला फार आवडलं.

पण कपाने घोळ होतो. मक्याची साखर पिठासारखी बारीक आणि हलकी असते. कप ओट्यावर आपटून भरला तर एक वजन, अलगद भरला तर दुसरं. कोणाचा ‘पाऊण’ पाऊणच्या अलीकडे, कोणाचा पलीकडे. ज्या बायका आयुष्यभर घरातल्या एकाच ठरावीक वाटीने सगळं मोजतात, त्यांना हे सांगायला नको; दुसऱ्याच्या घरची वाटी हातात आली की आपला शिरासुद्धा बिघडतो. वजनकाटा हेच यावरचं औषध, आणि तो आमच्याकडे आहे. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. त्यावर नवरा साखर मोजतो तेव्हा श्वास रोखून धरतो. याच माणसाने मागे एकदा पोह्यांत मीठ ‘अंदाजे’ घातलं होतं.

थोडं कायद्याचंही सांगते, कारण क्लबातली मंडळी आपल्या छंदाला स्वातंत्र्यलढ्याची पार्श्वभूमी आहे असं मानतात. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. त्या काळात मॉल्टचं सिरप दुकानांतून ‘पाव भाजायला’ म्हणून विकलं जायचं, आणि देशात पाव किती खपतो याचं कोणालाच नवल वाटत नव्हतं. बंदी उठल्यावर घरगुती वाइनला मुभा मिळाली, घरगुती बिअर मात्र कागदावर बेकायदाच राहून गेली. ती सुटली १४ ऑक्टोबर १९७८ रोजी, राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने. अलाबामा आणि मिसिसिपी ही दोन राज्यं तर थेट २०१३ साली वळणावर आली. लॉस एंजेलिसचा माल्टोज फाल्कन्स हा क्लब मात्र १९७४ सालचा आहे. मधली चार वर्षं सभासद बैठकीत काय करत होते, हे विचारायची पद्धत नाही. केंद्राच्या कायद्याप्रमाणे एकट्या प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन बनवता येते, घरात दोन प्रौढ असतील तर २००, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. थोडक्यात, माझ्यामुळे नवऱ्याचा कोटा दुप्पट झालाय. लग्नाचा फायदा त्याने इतक्या मोकळेपणी पूर्वी कधी कबूल केला नव्हता.

आता वादाचं मूळ. मक्याच्या साखरेऐवजी घरातली साधी साखर घातली तर? हा प्रश्न क्लबात कोणी विचारला की क्षणभर शांतता पसरते, मग क्लबातले एक निवृत्त रसायनशास्त्रज्ञ गृहस्थ घसा खाकरतात आणि सांगतात की साध्या साखरेने बिअरला सायडरची, म्हणजे आंबलेल्या सफरचंदाच्या रसाची, चव येते. हे त्यांनी स्वतः अनुभवलंय का? नाही. त्यांच्या गुरूंनी अनुभवलं होतं. गुरूंचे गुरू बहुधा इंग्लंडातले असावेत. तिथे १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी घरगुती बिअरवरचा परवाना आणि कर काढून टाकला आणि घरोघरी बादल्या भरू लागल्या. त्या काळचा सोपा मार्ग म्हणजे मॉल्टच्या अर्काचा एक डबा आणि त्यात किलोभर साखर. स्वस्तात नशा, त्यामुळे चव पातळ आणि आंबट. दोष किलोभर साखरेचा होता, पण बदनाम साखर कायमची झाली. बाटलीत घालायची साखर १९ लिटरला १२० ग्रॅम असते आणि त्यामागे तीन-चार किलो मॉल्ट असतं. एवढ्याशा साखरेने चव बदलली असं ज्याला ओळखता येईल, त्याने बिअर सोडून सरळ चहाच्या बागेत चाखण्याची नोकरी धरावी.

यीस्टच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न आणखीच सोपा आहे. साधी साखर म्हणजे सुक्रोज, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. यीस्टजवळ इन्व्हर्टेज नावाचं विकर असतं, ते ही जोडी बसल्या जागी फोडतं. मग दोन्ही तुकडे फस्त. फरक उरतो तो वजनाचा, कारण मक्याच्या साखरेच्या कणांत पाणीही बसलेलं असतं. म्हणून ती दहा-पंधरा टक्के जास्त घ्यावी लागते. संपला फरक. तरीही साधी साखर मान्य झाल्यावर पुढचा प्रश्न आलाच, उसाची की बीटाची? बीटातून निघते ती साखर आणि उसाची साखर एकच, हे बर्लिनच्या आंद्रेयास मार्गग्राफ यांनी १७४७ साली दाखवून दिलं होतं. बातमी अजून ओरेगनात पोचायची आहे.

या सगळ्यात सासूबाई आल्या. त्या सांगलीच्या. माहेरी कारखान्याचे शेअर, दिवाळीला सभासदांची साखर पोत्याने घरी यायची, आणि एस-३० की एम-३० हे त्या चिमूट बोटांत चोळून सांगतात. त्यांच्यासमोर साखरेवर बोलायचं म्हणजे धाडसच. बैठकीच्या खोलीतला आवाज वाढला तशा त्या मला म्हणाल्या,

“कशाचं भांडण चाललंय गं?”

“कोणती साखर घालायची त्याचं, आई.”

“कशात?”

“बिअरमध्ये.”

त्या थांबल्या. आता दारूवरून ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी तयारी केली. पण त्यांनी विचारलं, “किती घालतात?”

“एकोणीस लिटरला १२० ग्रॅम.”

“एवढ्याशा साखरेसाठी हे सहा पुरुष?” त्या म्हणाल्या आणि विणकाम पुढे सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी नवरा साखर पाण्यात घालून गॅसवर उकळत होता. कोरडी साखर थेट बिअरमध्ये टाकली तर बिअर भसकन उतू येते आणि साखर सारखी मिसळतही नाही, म्हणून दोन कप पाण्यात पाच-दहा मिनिटं उकळून, गार करून ती बादलीच्या तळाशी ओततात आणि वरून नळीने बिअर सोडतात. सासूबाई पातेल्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

“एकतारी करायचाय की दोनतारी?”

“पाक नाही गं आई, नुसतं उकळायचंय. जंतू मरायला.”

“नुसतं कसं? लिंबू पिळ अर्धं. नाहीतर साखर धरेल.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. गंमत म्हणजे क्लबातला एक बेल्जियन बिअरचा भक्त हेच करण्याविषयी तासभर बोलतो. आम्ल आणि उष्णता मिळाली की सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, मग पाकात पुन्हा खडे धरत नाहीत. याला तो इन्व्हर्ट शुगर म्हणतो आणि त्यासाठी सायट्रिक आम्लाची पुडी विकत आणतो. सासूबाई त्याला सुधारस म्हणतात आणि पोळीबरोबर वाढतात. रसायन दोघांचंही बरोबर, पण यीस्टला दोघांचीही गरज नाही. ते काम त्याला येतं, हे वर आलंच आहे. लिंबू पिळलं नाही म्हणून सासूबाई दिवसभर जरा गप्प होत्या.

साधी आणि मक्याची या दोन पंथांच्या बाहेर जे आहेत, ते कलावंत. मध घालणारे भावनाप्रधान असतात. अमुक फुलांचा, तमुक डोंगरावरचा. मधात साधारण पाचवा हिस्सा पाणी असतं आणि उरलेली बहुतेक साखर यीस्ट चाटूनपुसून खातं. दीडशे ग्रॅम मधाचा सुवास १९ लिटर कडवट बिअरमध्ये शोधणं म्हणजे श्रद्धेचा विषय. मेपल सिरपचं तसंच, वर झाडाचा चाळीस लिटर रस आटवला तर त्याचं एक लिटर होतं, म्हणजे हळहळही जास्त. ब्राउन शुगर म्हणून इथे जी मिळते ती बहुतेक वेळा पांढऱ्या साखरेला काकवी चोळलेली असते. पिठीसाखर मात्र कोणी चुकूनही घालू नये, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून मक्याचं स्टार्च मिसळतात. आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, बिअरच्या यीस्टला पचतच नाही. मिल्क स्टाउट नावाच्या काळ्या बिअरला गोडवा राहावा म्हणून ती घालतात ते त्याचमुळे. प्रायमिंगला ती वापरली तर महिनाभर वाट पाहून बाटली उघडावी आणि तिने चकार शब्द काढू नये.

आमच्याकडे एक जर्मन आजोबाही येतात. त्यांना या कोणत्याच साखरेचं नाव काढलेलं चालत नाही. बायर्नचा ड्यूक चौथा विल्हेल्म याने २३ एप्रिल १५१६ रोजी फर्मान काढलं की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच असावं. यीस्टचं नाव त्यात नाही, कारण ते काय असतं हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. साखरेचं नाव नाही, म्हणून आजोबा साखर घालत नाहीत. ते उकळलेलं, न आंबवलेलं जवाचं पाणी पहिल्याच दिवशी थोडं बाजूला काढून फ्रिजमध्ये ठेवतात आणि बाटल्या भरताना तेच बिअरमध्ये परत घालतात. याला ते ‘श्पाइझं’ म्हणतात, म्हणजे अन्न. पद्धत सुंदर आहे, प्रामाणिक आहे, आणि किती घालायचं याचं गणित मांडता मांडता आजोबांची अर्धी दुपार जाते. त्यांच्याच धर्तीवर काहीजण कोरडा मॉल्ट अर्क घालतात. तो उकळताना उतू जातो, त्यातला बराच भाग यीस्टला पचत नाही म्हणून जास्त लागतो, आणि गॅस धरायला वेळ घेतो. बदल्यात मिळतं ते समाधान. समाधानाला बुडबुडे येत नाहीत, पण ते असो.

खरा विचार करायला हवा तो साखर किती याचा. त्याचंही गणित शाळेतलं आहे. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ८८ ग्रॅम वायू निघतो, म्हणजे निम्म्याच्या आसपास. बिअरवाले वायू ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतात: एक लिटर बिअरमध्ये एक लिटर वायू विरघळला तर एक व्हॉल्यूम, वजनाने सुमारे दोन ग्रॅम. म्हणून दर लिटरला चार ग्रॅम साखर घातली की एक व्हॉल्यूम वाढतो. इंग्लिश एल दीड-दोन व्हॉल्यूमवर खूश असते, अमेरिकन बिअरला अडीचच्या आसपास लागतात, जर्मन गव्हाची बिअर साडेतीन-चारपर्यंत जाते. आता मेख अशी, की आंबून झालेल्या बिअरमध्ये थोडा वायू आधीच शिल्लक असतो. २० अंश सेल्सियसला ०.८५ व्हॉल्यूम, १० अंशांना १.२. म्हणून नवरा संगणकात बिअरचं तापमान भरतो. क्लबातले निम्मे लोक इथेच घसरतात. बिअर स्वच्छ व्हावी म्हणून शेवटी दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवतात, ती २ अंशांवर येते, आणि हे गृहस्थ गणितात २ भरतात. संगणक म्हणतो, वायू भरपूर आहे, साखर जवळजवळ निम्मी करा. पण आंबताना २० अंशांवर जो वायू उडून गेला तो बिअर नंतर थंड केल्याने परत कुठून येणार? आंबणं संपल्यावर बिअर जास्तीत जास्त किती गरम झाली होती, तो आकडा भरायचा असतो. साखरेच्या जातीवर दोन तास बोललेल्या माणसाची बिअर या एका आकड्यापायी मिळमिळीत होते, आणि तो मक्याच्या साखरेला बोल लावतो.

उलटी चूक झाली तर मिळमिळीत होत नाही, आवाज होतो. अडीच व्हॉल्यूम धरलेल्या बाटलीत २० अंशांना सुमारे २८ पौंडांचा दाब असतो. पंपावर आपण मोटारीच्या टायरात साधारण तेवढीच हवा भरून घेतो. साधी बाटली तीन व्हॉल्यूमच्या पुढे नेऊ नये म्हणतात. त्यात बिअर पुरती आंबलेली नसताना घाईने भरली, किंवा पाक नीट न मिसळल्याने शेवटच्या काही बाटल्यांत जास्त गेला, तर काच फुटते. अशा वेळी ऊस, बीट, मध, मेपल सगळ्यांच्या काचा सारख्याच लागतात. त्यापेक्षा बिअर किती आंबली ते मोजणारा हायड्रोमीटर लागोपाठ दोन-तीन दिवस तोच आकडा दाखवेपर्यंत थांबावं. शॅम्पेनवाल्यांनी हा धडा महागात घेतलाय. त्यांच्या बाटलीत लिटरला २४ ग्रॅम साखर घालतात, आपल्या १९ लिटरला ती साडेचारशे ग्रॅम होईल. दाब जातो सहा वातावरणांपर्यंत. एकोणिसाव्या शतकात तिथल्या तळघरांत कामगार लोखंडी जाळीचे मुखवटे घालून फिरत, कारण एक बाटली फुटली की शेजारच्याही फुटत.

बाटलीतला गॅस सापडला कसा, याची इंग्रजांची एक आवडती गोष्ट आहे. सेंट पॉल्स कॅथीड्रलचे डीन अलेक्झांडर नॉवेल यांना मासेमारीचा नाद होता. एकदा नदीकाठी ते बिअरची बाटली गवतात विसरून आले. काही दिवसांनी सापडली तेव्हा बूच उडालं, आणि थॉमस फुलर यांनी १६६२ साली छापून आलेल्या ग्रंथात त्या आवाजाला बंदुकीची उपमा दिली. कथा खरी की रचलेली कोण जाणे. पण त्याच १६६२ साली क्रिस्टोफर मेरेट नावाच्या डॉक्टरांनी रॉयल सोसायटीत निबंध वाचला, त्यात इंग्लिश व्यापारी वाइनमध्ये साखर आणि काकवी घालून ती फसफसती करतात असं स्वच्छ लिहिलंय. कोणती साखर यावर त्यांनी वेळ घालवलेला नाही.

आळशी लोकांसाठी सोयही आहे. साखरेच्या गोळ्या मिळतात, बाटलीत एक टाकायची, मोठ्या बाटलीत दोन. किंवा सव्वादोन ग्रॅमचा लहान साखरठोकळा, तो ३५५ मिलिलिटरच्या बाटलीला अगदी बेताचा होतो. क्लबात ही माहिती दबक्या आवाजात देतात.

गुळाविषयी मराठी वाचक विचारणारच, म्हणून सांगते. तो प्रयोग आमच्याकडे झालाय, सासूबाईंच्या बॅगेतून आलेल्या कोल्हापुरी ढेपेवर. गॅस उत्तम धरला. पण गुळात पाणी किती, खनिजं किती, हे ढेपेगणिक बदलतं, त्यामुळे हिशेब पक्का बसत नाही, आणि काळ्या स्टाउटमध्ये चव कळते की नाही यावर मत पडलं ते प्यायलेल्या ग्लासांच्या संख्येप्रमाणे. काळा गूळ आणि नवसागर या जोडीचं आपल्याकडे जे नाव आहे, ते आठवून सासूबाईंनी मात्र त्या बिअरला तोंड लावलं नाही. एरवी त्या लावतात. दोन घोट, ‘पोटाला बरं’ म्हणून.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे वाचून पातेलं चढवू नये. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, प्यायलासुद्धा परवाना लागतो, आणि परवान्याशिवाय घरी दारू बनवणं हा गुन्हा आहे. पण कोणाचा मुलगा, जावई, भाचा परदेशी असेल आणि फोनवर साखरेविषयी बोलू लागला, तर त्याला मध्येच थांबवा आणि सांगा. अमेरिकन पद्धतीची बिअर, १९ लिटर, २० अंशांवर आंबलेली: साधी पांढरी साखर, १२० ग्रॅम, काट्यावर मोजून, पाण्यात उकळून. इंग्लिश एल असेल तर ८० पुरे. लिंबू नको.